सोयीची कढई

आश्विनातल्या उतरत्या दुपारी कऱ्हाडवर तप्तकांचनाचं ऊन सांडतं. हळदउन्हात न्हालेली कृष्णा आणि सावळगर्द कोयना समोरासमोर येतात, एकमेकींना भिडतात आणि पुढे एकाच नावानं वाहू लागतात. नद्या अडाणीच. सोय म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावलेलं नसतं.

रंगराव डुबलांना समजावलेलं होतं. गेल्या चैत्रात त्यांच्या झणझणीत फोडणीनं सूनबाईंचं नवंकोरं, शुभ्रधवल स्वयंपाकघर ठसकलं, आणि आठवड्याभरात त्यांच्या खोलीत एक खोका अवतरला. आत सपाट बुडाची, झाकणावर काच मिरवणारी विजेची कढई. "आप्पा, तुमच्या सोयीसाठी," मुलगा सुहास म्हणाला. खोक्याला रिबन होती. इतरांच्या घरी चूल वेगळी होते तेव्हा भांडी आपटतात, पंच बसतात, चार गावांत बोभाटा होतो. इथे नुसता प्लग लागला. ना धूर, ना ज्वाला, ना राख. उभा जन्म मोजणी खात्यात लोकांच्या हद्दी कायम करण्यात गेला. पण इतकी निर्धूम, इतकी निर्मळ वाटणी रंगरावांनी पाहिली नव्हती.

आणि काल नात म्हणाली, "आप्पा, तुमच्या कढईत फ्रेंच फ्राइज जमतील?"

नऊ वर्षांची शर्वरी सहज बोलून गेली, आणि म्हाताऱ्याच्या मनात एक लोभ अंकुरला. फ्राइजची बशी पलीकडे जाईल, आणि जेवणाच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारील, "आप्पा, तुम्हीपण इकडेच या." सहा महिने ती हाक आली नव्हती. आज त्या हाकेसाठी त्यांनी दुपारीच दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला.

मग बटाटे. ताशीव, रेखीव, करंगळीएवढे तुकडे. एकही रेष वाकडी नाही. थंड पाण्यात पडून त्यांनी आपला पिठूळपणा सोडला. पंच्यावर निजून ते कोरडे, कोरडे, कोरडे झाले. पहिलं तळण मंद तेलात, नुसतं पिवळसर होईतो. मग विसावा. मग दुसरं तळण, कडक, कोपिष्ट तेलात. आणि बघता बघता केतकीचा रंग, मधाचा रंग, जुन्या सोन्याचा रंग.

पण एका वेळी थोडेच. कढईत दाटी झाली की बटाटे एकमेकांच्या वाफेत लोळतात आणि मऊ पडतात. अंतर राखलं तरच कुरकुरीत होतात. हे शास्त्र सूनबाईंना बटाट्यावाचूनच अवगत होतं.

मीठ भुरभुरलं. बशी गेली.

भिंतीपलीकडून कुरकुर आली, खुदखुद आली. "कसले भारी झालेत," सुहासचा आवाज आला. रंगरावांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि दाराशी उभे राहिले. ऊन खिडकीवरून ओघळलं, फरशीवर उतरलं, फरशीवरूनही गेलं.

मग पैंजण वाजले. शर्वरी आली. तिच्या हातात बशी होती. घासलेली, पुसलेली, लखलखीत. आणि बशीत मूठभर साखर.

"आई म्हणाली, कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं."

रंगरावांनी बशी घेतली. साखर पांढरी, शुभ्र, निरपराध होती. सूनबाई संस्कारी घरातल्या. रीत त्या कधी चुकल्या नव्हत्या. शेजाऱ्याची बशी अशीच परत जाते, धुऊन, पुसून, चिमूटभर गोड घालून. घरच्या बशीला हा मान नाही. घरची बशी खरकटी राहते, सिंकमध्ये लोळते, कुणी घासायची यावरून तिच्यापायी दोन शब्द होतात. तेवढ्या दोन शब्दांसाठी रंगराव दुपारपासून उभे होते.

"आईला सांग," ते म्हणाले, "एवढं कशाला." शेजारी असंच म्हणतात.

पोर उड्या मारत गेली. सांज आली, निळी, जांभळी, मग राखेच्या रंगाची. पलीकडे दिवा लागला. पलीकडे ताटं मांडल्याचा निनाद उठला. एक ताट. दुसरं ताट. तिसरं.

आणि तिसऱ्याचा नाद स्टीलवर थरथरत राहिला, मंदावत राहिला, मंद, अतिमंद. आणि मग तोही नाही.