रकाना अकरा: आई

चुकीचे कारण (फक्त दोन ओळींत लिहावे):
लिहून घेणाऱ्याच्या ऐकण्यात चूक झाली.

एवढं लिहून फौजींनी पेन खाली ठेवलं. वाक्य खोटं नव्हतं. तरी त्यांनी त्यावर आडवी रेघ ओढली, तसा लष्कराच्या नोंदणी कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"काका, हा तिसरा फॉर्म. खाडाखोड केलेला अर्ज वर जात नाही, किती वेळा सांगू?"

"अजून एक द्या."

"फॉर्म काय झाडाला लागतात?" असं म्हणाल्या आणि दिला.

गल्लीत सगळे त्यांना फौजीच म्हणायचे. लष्कर सोडून तीस वर्षं झाली होती, वय सत्तर, तरी पाठीचा कणा पट्टीने आखल्यासारखा. घरून निघताना लेक म्हणाली होती, मी येते. ते म्हणाले, नको, एका शब्दाचं तर काम आहे.

शब्द खरंच एकच होता. सेवापुस्तकात, अकराव्या रकान्यात, आईच्या पुढे लिहिलं होतं: मयत. खाली भरतीच्या दिवसाची तारीख. त्या दिवशी त्यांची आई छत्तीस वर्षांची होती आणि घरी मशीनवर बसून शाळेच्या गणवेशांना बटणं लावत होती.

"आणि आता त्या कुठे असतात?" सकाळी बाईंनी विचारलं होतं.

"गेली. गेल्या हिवाळ्यात."

"अहो मग नोंद बरोबरच आहे की!"

"आता बरोबर आहे. तेव्हा नव्हती."

बाईंनी चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पेन्शनचं काही अडलंय का?"

"नाही."

"वारसाचं?"

"नाही हो."

"मग?"

"मग काही नाही. ती होती, एवढंच लिहायचंय."

त्या दिवशी आई हयात होती याला पुरावा लागत होता. फौजींनी तिच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. बाईंनी तो दोनदा वाचला. "म्हणजे मेल्याचा कागद दाखवून जिवंत करायचं. नोकरीला लागल्यापासून असं प्रकरण पाहिलं नाही. पण चालेल. मयत खोडून हयात. तेवढं कारण लिहा, की मी शिक्का मारते."

चुकीचे कारण (फक्त दोन ओळींत लिहावे):
मी बोललो एक, लिहिलं गेलं दुसरं.

भरतीच्या वेळी तो सतरा वर्षांचा होता. अठराच्या आत भरती व्हायचं तर आईबापाची संमती लागायची. बाप लहानपणीच गेलेला. आई सही करायला तयार नव्हती. तिने त्याचा शाळेचा दाखला शिलाई मशीनच्या खणात कोंडला आणि किल्ली पोलक्यात खोवली.

"मेल्या, तुला काय गोळ्या खायची हौस आलीय?"

मेल्या हे त्याचं घरातलं नाव. ऊठ मेल्या, जेव मेल्या, भिजलास ना मेल्या, ये डोकं पूस. त्याला खरं नाव आहे हे शाळेत गेल्यावर कळलं, असं तीच हसून शेजारणींना सांगायची. तिच्या तोंडी सगळंच मेलं असायचं. दोरा मेला तुटतो, सुई मेली सापडत नाही, मुख्याध्यापक मेला शंभर गणवेश दोन दिवसांत मागतो.

ती बटणं आणायला बाहेर गेली, तेव्हा त्याने तिच्याच कापडाच्या कात्रीने खण फोडला. फळीचा टवका उडाला, कात्रीचं टोक वाकलं. तो दाखला घेऊन पळाला.

भरतीच्या मैदानात टेबलामागे एक जाड मिशांचा लेखनिक बसला होता. रांग लांब, ऊन डोक्यावर. मान वर न करता विचारत होता.

"बाप?"

"वारला."

"आई?"

"ती मेली कसली येऊ देतेय..."

लेखनिकाचा कान 'मेली'पाशीच थांबला. त्याने टाक दौतीत बुडवला आणि शब्द लिहिला. "दोघंही नाहीत. मग संमतीचा प्रश्न मिटला. जवळचं कोण?"

चुकीचे कारण (फक्त दोन ओळींत लिहावे):
मी बोललो एक, लिहिलं गेलं दुसरं, आणि मला ते

इथे दुसरी ओळ संपली. पुढचा शब्द 'दिसलं' होता. कारण शाई ओली होती, कागद त्याच्याच बाजूला वळलेला होता आणि त्याला वाचता येत होतं. 'अहो, तसं नाही' एवढे तीनच शब्द लागले असते.

"मामा," तो म्हणाला. आणि मामाचा पत्ता सांगितला.

संध्याकाळी त्याने आईला पत्र टाकलं. निवड झाली. रागावू नकोस. उलट टपाली तिचं पोस्टकार्ड आलं: मेल्या, माझी कात्री वाकवलीस. बाकी कार्ड कोरं.

"काका, चहा घेणार?" बाईंनी खिडकीतून कप सरकवला. "आणि इतकं काय लिहिताय? दोन ओळी आहेत, कादंबरी नाही."

"बसत नाही त्यात."

"कोणाचंच बसत नाही. लोक मागच्या बाजूला लिहितात, मग ते कोणी वाचत नाही." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं ऐका. लेखनिकाची चूक, एवढंच टाका. तो माणूस आता असेल का? नसेल. कोणाला त्रास नाही. पंधरा दिवसांत हयात करून देते. पण तुमची चूक लिहाल तर ती खोटी माहिती झाली. वरून नामंजूर होऊन येईल, आणि परत अर्जही करता येणार नाही."

फौजींनी मान डोलावली. मग खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. तो त्यांनी सकाळपासून दाखवला नव्हता.

आई गेल्यावर मशीन कोणाला तरी द्यायचं म्हणून लेक आवरायला बसली होती. खालच्या फळीवर कागदी नमुन्यांचा गठ्ठा होता: कॉलर, बाही, खिसा, सगळे जुन्या वर्तमानपत्रांतून कापलेले. आई कुठलाही कागद वाया घालवत नसे. वाढदिवसाचं कार्डसुद्धा कापून तिने खिशाचा नमुना केला होता. त्या गठ्ठ्यात हा एकच कागद असा, की ज्याला कात्री लागली नव्हती.

तो याच कार्यालयाचा होता. फौजींच्या मांडीत आणि जबड्यात छर्रे घुसले, ते चार महिने इस्पितळात पडून होते, हातही धड चालत नव्हता, त्या वर्षीचा. तार मामाच्या पत्त्यावर गेली होती. मामा घर बदलून गेलेला. तार परत आली आणि पुढे कोणी विचारलं नाही. आईकडे पत्रं यायची थांबली, तशी ती बस बदलत बदलत इथे येऊन उभी राहिली होती. बहुधा याच खिडकीशी.

"सदर सैनिकाची आई नोंदीप्रमाणे मयत आहे. सबब स्वतःस आई म्हणवणाऱ्या अर्जदार बाईंस कोणतीही माहिती देता येत नाही."

खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं. मग कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"त्यांनी तुम्हाला कधी विचारलं नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"काठी टेकत घरी गेलो. दार उघडलं. 'आलास?' म्हणाली. नुसतं आलास." फौजींनी कागद परत घेतला. "मेल्या म्हणाली नाही. त्यानंतर कधीच नाही म्हणाली. मला नाही, सुईला नाही, कोणाला नाही. मला वाटलं, वय झालं, जीभ मऊ झाली. चाळीस वर्षांची होती हो तेव्हा. शब्द कुठून आला ते तिला इथेच कळलं असणार. तिचाच होता ना."

मागे रांगेतला कोणीतरी खाकरला. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"काका," त्या म्हणाल्या, "लेखनिकाची चूक लिहा. आईसाठी लिहा."

फौजींनी नवा फॉर्म घेतला. या वेळी लिहायला वेळ लागला नाही.

चुकीचे कारण (फक्त दोन ओळींत लिहावे):
मी ती मेली म्हणालो. लिहिलेलं वाचलं.
आई घरी होती. मी गप्प बसलो.

बाईंनी फॉर्म दोन्ही हातांत धरला, फाडायला धरतात तसा. "हा मी फाडते. हरवला म्हणू. काका, ऐका ना."

"एकदा गप्प बसलोय, बाई. शिक्का मारा."

त्यांनी मारला. मग तोंड फिरवून पुढच्याला म्हणाल्या, "काय आहे तुमचं?", आणि आवाज चिरका आला म्हणून परत म्हणाल्या.

दीड महिन्याने पाकीट आलं. फौजींनी ते उभ्यानेच वाचलं. अर्जदाराने स्वतः दिलेली माहिती अर्जदाराच्या विनंतीवरून बदलता येत नाही. अर्जदाराची आई नोंदीप्रमाणे मयत आहे. हे प्रकरण बंद करण्यात येत आहे.

त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या. मशीन अजून दिलं नव्हतं. खालच्या फळीवरचा गठ्ठा सोडला, आईच्या कागदाला लागून हा ठेवला, आणि परत चिंधीने बांधला. बांधताना गाठ तिच्यासारखी बसेना. तीनदा सोडली.

लेक शेजारी बसून मशीन पुसत होती. खण ढकलून पाहिला, जोर लावून पाहिला. फळीचा टवका उडालेला, कुलपाची जीभ खाचेत बसेना.

"बाबा, हा मेला खण लागतच नाही."

फौजी थांबले. हातात चिंधीचं टोक तसंच राहिलं.

"काय म्हणालीस?"

"खण म्हटलं. लागत नाही. का, काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "परत म्हण."