जवळची चूक

"सात आठे चोपन्न," असं म्हणत खोकेवालीने पुठ्ठ्याची बाजू दुमडली आणि कडेवरून खळीचं बोट फिरवलं.

समोर बसलेल्या तिच्या लेकीचे हात थांबले. "चूक."

"हो? मग किती?"

"छप्पन्न. आणि कालपण तू चोपन्नच म्हणाली होतीस. रोज रोज तीच चूक काय गं करतेस, आई?"

खोकेवालीने जीभ चावली. पोरीचं बरोबर होतं. एक चूक दोनदा करायची नाही, हा तर तिचा स्वतःचाच नियम. पण आज लक्ष ठिकाणावर असेल तर ना! अकरा वाजता तपासणीच्या बाई येणार होत्या. घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षातून एकदा अशी तपासणी व्हायची, आणि बाईंनी होकार दिला तरच पुढचं वर्ष घरी. नाही दिला तर मोठ्या वन्संनी त्यांच्या शाळेच्या वसतिगृहात एक खाट आधीच धरून ठेवली होती. बसने चार तास लांब, भेट महिन्यातून एकदा. आणि हे आठ वर्षांचं लेकरू अजून आईचा अंगठा मुठीत धरून झोपत होतं.

तिला सगळे खोकेवाली म्हणायचे, कारण लग्न झाल्यापासून ती घरी बसून खोकी दुमडत आली होती. कारखान्यातून कापून, रेघा मारून पुठ्ठे यायचे. बुटांची मोठी खोकी, दिव्यांची छोटी. खळ लावायची, दाबायचं, दहा-दहाची थप्पी लावायची, दहा थप्प्या झाल्या की सुतळीने गठ्ठा बांधायचा. नवरा इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून तो लिफ्टवाला. आणि लेक लहानखुरी, आवाज न करता घरभर फिरणारी, म्हणून मुंगी.

मुंगी पहिल्यापासून इतकी गप्प नव्हती हो! दीड वर्षापूर्वी शाळेत ते झालं. वर्गातल्या बाई एकेकाला उभं करून प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत उभंच ठेवायच्या. मुंगी एकदा अशी उभी राहिली ती मधल्या सुट्टीपर्यंत, आणि मग सगळ्या वर्गादेखत तिचा फ्रॉक ओला झाला. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप. डॉक्टरांनी घसा पाहिला, ठणठणीत आहे म्हणाले. बापाने लाडीगोडी लावून पाहिली, ओरडून पाहिलं, नवी सायकल आणून पाहिली. ढिम्म. शेवटी शाळा सुटली आणि घरीच काय ते शिकवा, असं ठरलं. शिकवायचं कोणी? जी घरी असते तिने. म्हणजे आठवी नापास खोकेवालीने!

पहिले तीन महिने तिने पुस्तक उघडून प्रश्न विचारले आणि मुंगी भिंतीकडे बघत बसली. मग एका दुपारी खोकेवाली थप्प्या मोजताना खरोखरच चुकली. "अडुसष्ट, एकोणसत्तर, एकाहत्तर..."

"चूक," कोणीतरी म्हणालं.

घरात तर दुसरं कोणीच नव्हतं. खोकेवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. वाटलं, उठावं, पोरीला कवटाळावं, मोठ्याने रडावं. पण तिने मान वर केली नाही. कशी कोण जाणे, तेवढी अक्कल तिला त्या क्षणी सुचली. "हो का? मग काय?" ती खोक्यालाच विचारल्यासारखी म्हणाली.

"सत्तर राहिलं."

त्या दिवसापासून खोकेवाली चुकायला लागली.

तुम्ही म्हणाल, चुकायला काय लागतं? अहो, करून बघा! मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर यावं लागतं. मुंगी दुपारी पडली की ही बाई पुस्तक मांडीवर घेऊन पुढचे धडे पाठ करायची. शाळेत असताना जे कधी डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता मुकाट शिरत होतं. त्यातून चूक जवळची पाहिजे. सात आठे शंभर म्हटलं की मुंगी रुसून बसायची, कारण तिला वेडं समजलेलं तिला लगेच कळायचं. चोपन्न म्हटलं की डोळे चमकायचे. हळूहळू सगळी खोली या खेळाने भरली. बुटाच्या एका खोक्यात दिव्याची खोकी बसतात चोवीस, आई म्हणायची वीस, मग मुंगी थर लावून दाखवायची. पुठ्ठ्याची गल्ली केली, त्यात आई हमखास उगवतीला मावळत म्हणायची. पुठ्ठ्याचं घड्याळ केलं, त्यात आईला नेहमी उशीर व्हायचा.

हे सगळं लिफ्टवाल्याला माहीत नव्हतं. तो सकाळी सातला निघायचा, आणि तो घरात आला की मुंगी पुन्हा मुंगी. खोकेवालीने सांगितलंही नाही. एक तर त्याने ते वन्संना सांगितलं असतं. दुसरं म्हणजे तो हसला असता. "तुला काय कळतं!" हे त्याचं पालुपद होतं. वाईट माणूस नव्हता तो. काही लोक उठता-बसता "अरे देवा" म्हणतात, तसं हा "तुला काय कळतं" म्हणायचा. पण रोज ऐकून ऐकून खोकेवालीलाही ते पटलेलं होतं.

तपासणीच्या बाई बरोबर अकराला आल्या. पन्नाशीच्या, पाय सुजलेले. दारात चपला काढून त्यांनी हुश्श केलं, पाणी मागितलं, आणि गठ्ठ्यांच्या मधे जागा करून खाली बसल्या. लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून, अर्धी रजा टाकून, भिंतीला टेकून उभा होता.

"काय बाळ, कोणता खेळ आवडतो तुला?" बाईंनी गोड विचारलं.

मुंगी भिंतीकडे बघू लागली.

"बरं, हे चित्र बघ. यात फळं किती आहेत?"

भिंत.

"सहा आणि पाच किती?"

मुंगीच्या मानेवरची शीर ताठ झालेली खोकेवालीला दिसली. पोरीने दोन्ही गुडघे एकमेकांवर दाबून धरले होते.

"घरी येतं हो तिला सगळं," ती म्हणाली.

"प्रत्येक आई हेच म्हणते," बाई म्हणाल्या. आवाजात कुजकेपणा नव्हता, थकवा होता. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फॉर्मवर काहीतरी लिहायला पेन टेकवलं.

आता काय करायचं ते खोकेवालीला माहीत होतं. तेच तर अवघड होतं. आयुष्यभर चार माणसांत ती तोंड उघडायला भ्यायली, का, तर चुकू म्हणून. आणि आज कागदावर सही-शिक्का घेऊन बसलेल्या बाईंसमोर, नवऱ्यासमोर, तिने जाणूनबुजून चुकायचं होतं. तिने एक पुठ्ठा ओढला आणि दुमडायला लागली. कान तापले होते.

"एका ओळीत नऊ खोकी," ती पुटपुटली, "अशा पाच ओळी. म्हणजे... चाळीस."

लिफ्टवाल्याने मान वळवली. बाईंचं पेन थांबलं.

"चूक," मुंगी म्हणाली.

"हो? मग किती?"

"पंचेचाळीस."

"आणि त्यातला तिसरा हिस्सा गेला तर उरली... पंचवीस?"

"चूक! तीस. पंधरा गेली ना."

"अगं, तुला एवढंसुद्धा येत नाही?" लिफ्टवाला न राहवून म्हणाला. शरमेने त्याचा चेहरा लाल झाला होता. "बाई, माफ करा हं, हिचं शिक्षण तसं बेताचंच आहे."

खोकेवालीने त्याच्याकडे पाहिलं नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करायचा धीर झाला नसता. तिने कोपऱ्यातून एक उभं खोकं पुढे ओढलं. वर सुताच्या रिळाची कप्पी, तिच्यावरून दोरा, दोऱ्याला दिव्याचं छोटं खोकं एका टोकाला आणि वजनाला बोल्ट दुसऱ्या टोकाला. बाजूला मजल्यांचे आकडे. मधे शून्य, वर पाचपर्यंत, खाली उणे तीनपर्यंत.

"ही तिसऱ्या मजल्यावर उभी आहे," ती म्हणाली. "पाच मजले खाली गेली की येते... उणे तीनवर."

"चूक! उणे दोन." मुंगीने दोरा सोडून लिफ्ट सरसर खाली नेली. "हे बघ. शून्य विसरलीस तू. तळमजला मोजायचाच नाही म्हणतेस, मग माणसं उतरणार कुठे?"

बाई खो-खो हसल्या. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "आणि तिथून चार वर गेली तर?" मुंगी झटक्यात गप्प झाली. दोरा तिच्या बोटांत तसाच राहिला.

बाईंचं हसू मावळलं. त्या मायलेकींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "अस्सं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम चुकता."

"हो."

"पोरगी दोन इयत्ता पुढे आहे. ठाऊक आहे तुम्हाला?"

खोकेवालीला एकदम भरून आलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. "मग देता ना अजून एक वर्ष?"

बाईंनी पेनचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"दिलं तर ती आणखी हुशार होईल," त्या म्हणाल्या, "आणि आणखी गप्प. उद्या तिला दुकानदार विचारेल, कंडक्टर विचारेल, डॉक्टर विचारेल, कुठे दुखतंय म्हणून. तिच्यासाठी मुद्दाम चुकणारं माणूस ती दर वेळी कुठून आणणार? तुम्ही तिला बोलतं केलंत. मला हे जमलं नसतं, खरं सांगते. पण ती फक्त तुमच्याशी बोलतेय. तिला आता माणसांत जायला पाहिजे. मी शाळा लिहितेय."

खोकेवालीला राग आला. आणि राग सगळ्यात जास्त याचा आला, की बाईंचं खरं होतं. मुंगी बोलली त्या दुपारपासून हे तिला आत कुठेतरी माहीत होतं आणि तिने ते खोक्यांखाली दाबून ठेवलं होतं.

"कोणती शाळा ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. या रकान्यात लिहा," म्हणत बाईंनी फॉर्म पुढे केला.

"ठरलेलंच आहे," लिफ्टवाला पुढे आला. इतका वेळ तो त्या पुठ्ठ्याच्या लिफ्टकडेच बघत होता. आपण काय काम करतो हे या घरात कोणी इतकं निरखून पाहिलं असेल, असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण ठरलेलं ते ठरलेलं. "माझ्या बहिणीची शाळा आहे, वसतिगृहाची. ती लक्ष देईल."

"नाही," खोकेवाली म्हणाली.

"काय नाही?"

"वसतिगृह नाही. कोपऱ्यावरची शाळा. सकाळी मी सोडीन, दुपारी मी आणीन. तिथल्या बाईंना मी जाऊन भेटीन. हिला उभं करायचं नाही, हे सांगीन. कसं विचारायचं तेही सांगीन. आधी चुकून दाखवा म्हणीन, मग रोज थोडं थोडं कमी चुका. ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत जाईन. माणसांत जायचं तर जाऊ दे. पण संध्याकाळी घरात हवी."

एका दमात इतकं ती त्या घरात कधी बोलली नव्हती. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

लिफ्टवाल्याच्या तोंडून सवयीने गेलं, "अगं, तुला काय कळतं त्यातलं!"

"चूक."

मुंगीच्या हातात दोरा होता, पण ती आईकडे बघत नव्हती. भिंतीकडेही नव्हती. ती थेट बापाकडे बघत होती. दीड वर्षात तिने त्याला एक अक्षर ऐकवलं नव्हतं.

"काय... काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

मुंगी गप्प. ओठ घट्ट.

"असं नाही," खोकेवाली अगदी हळू म्हणाली. "मग बरोबर काय, असं विचारायचं."

तो धप्पकन खाली बसला, लेकीच्या समोर, इस्त्रीच्या शर्टाला खळ लागली तरी.

"मग बरोबर काय?"

"आईला कळतं," मुंगी म्हणाली. "मी झोपायला घरी येणार."

लिफ्टवाल्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. बाईंनी पेन त्याच्यापुढे धरलं होतं. ते त्याने घेतलं, थोडा वेळ हातात फिरवलं, आणि बायकोकडे दिलं.

खोकेवालीने बोटांची खळ पोलक्याला पुसली, फॉर्म गठ्ठ्यावर ठेवला आणि रकान्यात कोपऱ्यावरच्या शाळेचं नाव लिहिलं. शाळा उघडायला पंधरा दिवस होते.