डावा गाल

मेकअपवालीने बबडीची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि हातातला ब्रश गुपचूप डब्यात परत ठेवला.

"काय लावलंस गं सकाळी?"

बबडीने आरशातूनच मागे बसलेल्या आईकडे पाहिलं. बबडीचे गाल लालबुंद, आणि नाकावरच्या पुटकुळीवर टूथपेस्टचा वाळलेला ठिपका. दोन वर्षं दुसऱ्यांसाठी बातम्या लिहून दिल्यावर आज टीव्हीवर संध्याकाळी सहाच्या बातम्या वाचायला तिला स्वतःला बसवणार होते. सव्वापाच वाजले होते.

"लिंबू आणि खायचा सोडा," आईच म्हणाली. "मीच चोळून दिलं. पहिलाच दिवस, म्हटलं पोरगी जरा उजळ दिसू दे. चुरचुरलं थोडं, पण चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय."

"लागू कसलं पडतंय, काकू! कातडी सोललीये."

तेवढ्यात निर्मात्याने दारातून डोकं आत घातलं, बबडीला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"पावणेसहापर्यंत उतरलं तर ठीक. नाहीतर आज दुसरीला बसवतो."

बबडीचे डोळे भरून आले, तशी मेकअपवाली खेकसली.

"रडायचं नाही हं! आणखी झोंबेल."

तिने ओल्या कापसाने टूथपेस्ट अलगद टिपली, गार पाण्यात पिळलेला मऊ रुमाल गालांवर ठेवला आणि स्वस्थ बसली. आईला काही ते बघवेना.

"बर्फ चोळू का? निदान पावडर तरी?"

"काही चोळायचं नाही. हात मांडीवर ठेवा."

आईने शाळेतल्या मुलीसारखे हात मांडीवर ठेवले. मेकअपवाली दर पाच मिनिटांनी रुमाल बदलत होती. पाच पस्तीसला तिने रुमाल उचलून निरखून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली.

"उतरतंय गं! बस तशीच."

आईचा जीव भांड्यात पडला. ती उठून पुढे आली आणि आरशाच्या झगझगीत दिव्यांत सापडली. मेकअपवालीची नजर तिच्या डाव्या गालावरच्या काळपट डागावर थांबली.

"हे काय, काकू?"

"ते होय? जन्मखूण." आईचा हात सवयीने गालावर गेला. घरातल्या एकूण एक फोटोत बबडी त्या गालाला गाल लावून उभी असायची, ती ही खूण झाकायला. "बबडीच्या वेळेला वर आली."

"जन्मखूण? तिशीत?"

"आता मला काय माहीत! दर रविवारी लिंबाची फोड घासते, तेवढीच ताब्यात आहे."

"घासून झालं की काय करता?"

"गच्चीत कपडे वाळत घालते."

"उन्हात?"

"मग काय कपाटात वाळत घालू?"

मेकअपवाली हसली नाही. तिने रुमाल बाजूला ठेवला.

"लिंबू लावून उन्हात जायचं नसतं हो. आधीचा डाग फिका व्हायच्या आत तुम्ही दर रविवारी नवा पाडताय. जन्मखूण नाहीये ती."

आई आरशात स्वतःकडे बघत राहिली. मग पुटपुटली, "पंचवीस वर्षं, बाई. मीच?" आणि एकदम बबडीच्या गालांकडे वळली. "आणि आता हिलाही तीच सवय लावायला निघाले होते."

पावणेसहाला निर्माता आला. बबडीच्या गालांवर जेमतेम गुलाबी झाक उरली होती. त्याने मान डोलावली.

"चला!"

मेकअपवालीने हलक्या हाताने दोन बोटं मेकअप फिरवला आणि बबडी पळत सुटली.

सहाला भिंतीवरच्या टीव्हीवर ती दिसली. "नमस्कार." आवाज अगदी खणखणीत! आईने मेकअपवालीचं मनगट असं काही दाबून धरलं, की बिचारीच्या बांगड्या रुतल्या. शेवटची बातमी संपली तेव्हा कुठे आईने श्वास सोडला.

"अडखळली नाही हो! एकदाही नाही!"

बबडी धावतच आली आणि आईला मिठी मारून गोल फिरली. "आई, फोटो! ताई, काढा ना!"

मेकअपवालीने फोन समोर धरला. बबडी नेहमीसारखी आईच्या डाव्या बाजूला जाऊन गालाला गाल लावणार, एवढ्यात आईने तिला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला आणलं.

"इकडे उभी राहा," ती म्हणाली. "हं, आता काढा."