ताईच्या नावाचा बेडूक

मित्रांनो, संग्रहालयाच्या तळघरात एका लोखंडी कपाटात मी राहतो. स्पिरिटच्या बाटलीतला मी एक जुना बेडूक. अंगठ्याएवढा आहे, पण माझा राग फार मोठा आहे. त्याचीच ही हकिकत.

डोंगरातल्या एका ओढ्यात मला बाईंनी पकडले. बाई तेव्हा तरुण होत्या, बेडकांचा अभ्यास करत होत्या. माझ्यासारखा पट्टेरी बेडूक आधी कोणी पाहिला नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या जातीला नवे नाव दिले. आईविना त्यांना लहानाचे मोठे करणाऱ्या ताईचे नाव. मी त्या जातीचा मूळ नमुना ठरलो. कोणाला शंका आली, तर मला पाहून खात्री करायची.

बेडूक, साप, सरडे, कासवे यांची एक सर्वमान्य यादी असते. देशोदेशीचे अभ्यासक तिच्यातलीच नावे वापरतात, म्हणजे बोलण्यात घोटाळा होत नाही. त्या यादीत ताईंचे नाव चढले. मला बघायला बाई ताईंना घेऊन आल्या.

"अगं, माझ्या नावाला एवढासाच मिळाला का?" ताई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मग आला यादीच्या समितीचा अध्यक्ष. त्याला अहोजाहो करणे मला जमायचे नाही. तो बाईंच्याच वर्गातला, आणि बाईंचे कौतुक त्याच्या डोळ्यांत सलत होते. त्याने मला बाहेर काढून उलटेपालटे केले, पुन्हा बाटलीत टाकले आणि झाकण सैल ठेवून तो निघून गेला. विसरला असेल म्हणता? मला विचाराल तर मुद्दाम! स्पिरिट उडत गेले. मी आक्रसलो, माझे पट्टे पुसले गेले. पुढे त्यानेच समितीला सांगितले, "हे नेहमीच्या बेडकाचं पिल्लू आहे. नाव काढून टाका."

बाई त्याला गाठायला तळघरात आल्या. "ताई अंथरुणाला खिळलीय रे. तिचं नाव आहे ते. राहू दे ना."

"यादीत नातीगोती चालत नाहीत," तो म्हणाला.

नाव गेले. थोड्याच दिवसांत ताईही गेल्या. मी अंधारात सुकत पडलो आणि एकच इच्छा धरून राहिलो: याचे नाक कापले जावे.

वर्षे लोटली. अध्यक्षाने स्वतः एक नवी जात जाहीर केली आणि तिला आपल्या दिवंगत आईचे नाव दिले. त्या जातीच्या बेडकीचे छायाचित्र पाहून बाई तडक माझ्याकडे आल्या. तेच पट्टे होते! त्यांनी मला ताजे स्पिरिट दिले आणि माझ्या मांडीचा चिमूटभर तुकडा तपासणीसाठी कापला. हवी तर अख्खी मांडी घ्या, असे मला ओरडून सांगायचे होते.

दोन्ही बेडकांची जनुके तंतोतंत जुळली. जात एकच निघाली, आणि नियम असा की आधी दिलेले नाव टिकते. समितीच्या टेबलावर मला मधोमध ठेवले होते. अध्यक्षाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईचं नाव आहे गं ते," तो हळूच म्हणाला. "राहू दे."

"मीही हेच म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "निकाल वाच आता. मोठ्यानं वाच."

त्याला स्वतःच्या तोंडाने वाचून ताईंचे नाव यादीत घ्यावे लागले आणि आईचे काढावे लागले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, माझ्या वाळक्या अंगात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याच्या आईच्या नावाची बेडकी आता माझ्या शेजारच्या बाटलीत असते. बिचारी माझ्याच ओढ्यातली. तिच्याशी माझे भांडण नाही. तिची काळजी घ्यायला अध्यक्ष अधूनमधून येतो. तिच्या बाटलीत स्पिरिट भरतो, घुटमळतो, दातओठ खात माझ्याकडे बघतो. पण आता कपाटाची किल्ली बाईंकडे असते आणि त्या मागे उभ्या असतात. मग तो मुकाट्याने माझीही बाटली भरतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. प्रेमाने जपलेत तर उत्तमच. ते जमत नसेल, तर निदान आमच्या रागाला भिऊन जपा.