खालच्या पट्टीतली गाणी

बुटकीला कोणी विचारलं, गाणं कुणाकडे शिकलीस, तर ती सांगायची, ताईकडे. लोकांना वाटायचं, ताई म्हणजे कोणी मोठ्या गानगुरू असणार. ताई तिची सख्खी थोरली बहीण होती आणि कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात काउंटरवर काम करायची.

वडील लवकर गेले. आई बिस्किटांच्या कारखान्यात पाळीवर. त्यामुळे धाकटीचं जेवणखाण, वेणीफणी, शाळा, सगळं ताईच्या गळ्यात. ‘बुटकी’ हे नावही तिनेच ठेवलेलं. पुढे बुटकी ताईपेक्षा वीतभर उंच झाली, पण नाव काही वाढलं नाही.

ताईला कुठलंच गाणं धड पाठ नसायचं. पहिली ओळ आठवायची, पुढे सगळा अंधार. मग पुढचं ती खुशाल पदरचं घालायची. स्वयंपाकघरातल्या गळक्या नळावर तिचं एक गाणं होतं, त्याचा ठेका नळाचाच. लिफ्ट बंद पडली की जिन्याचं गाणं. त्यात प्रत्येक मजल्यावरच्या शेजाऱ्याची यथेच्छ टिंगल असायची, म्हणून ते दबक्या आवाजात म्हणावं लागायचं. आणि सगळ्यांत लाडकं होतं वाट बघायचं गाणं. आईला कारखान्यातून यायला उशीर झाला की दोघी खिडकीशी बसून ते म्हणायच्या. एक ओळ ताईची, एक बुटकीची.

‘दार वाजलं, वारा होता.
दार वाजलं, शेजारी होता.
दार वाजलं, कोणीच नव्हतं.
आता वाजेल ते आईचं.’

आई नाहीच आली तर ताई मध्ये आणखी कुणाला तरी दाराशी आणून उभं करायची. दूधवाला, मांजर, हरवलेली छत्री. गाणं मारुतीच्या शेपटासारखं लांबत जायचं आणि बुटकी रडायचं विसरायची.

बुटकी कॉलेजात गेली त्या सुमारास ताईला दाराची बेल ऐकू येईनाशी झाली. मग कुकरची शिट्टी. काउंटरवर गिऱ्हाईक ‘शनिवारी’ म्हणायचं आणि ही ‘रविवारी’ लिहायची. दोन-तीनदा भांडणं झाली, तेव्हा मालकाने तिला मागच्या खोलीत इस्त्रीला लावलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, नस वाळत चालली आहे. आधी उंच आवाज जातील, मग हळूहळू बाकीचे. कानात घालायचं यंत्र आणलं, पण त्यातून शब्द कमी आणि खडखडाटच जास्त यायचा. ताईने ते कपाटात ठेवून दिलं. म्हणाली, “एवढा गोंगाट ऐकायचा तर दुकानातली मशिनं काय वाईट आहेत?”

बुटकी तेव्हा स्वतःची गाणी रचायला लागली होती. केलेलं प्रत्येक गाणं आधी ताईला ऐकवायचं, हा नेम. ताई म्हणायची, “वरचं काही पोचत नाही गं.” मग बुटकी सूर खाली आणायची. काही महिन्यांनी तेही पोचेना, मग आणखी खाली. ताईला शब्द कळावेत म्हणून ती अक्षर न् अक्षर सुटं म्हणू लागली. ओळ झाली की थांबायची. ताईच्या चेहऱ्यावर अर्थ उमटला की मगच पुढची ओळ. आणि गाताना डोळे कधीच मिटायची नाही. समोरची बाई ओठ वाचतेय, डोळे मिटून कसं चालेल?

हीच तिची शैली झाली. छोट्या-छोट्या सभागृहांत ती गिटार घेऊन गायला लागली आणि लोक तिच्या त्या खर्जातल्या आवाजाबद्दल, ओळीनंतरच्या शांततेबद्दल बोलू लागले. एका समीक्षकाने पेपरात लिहिलं की हिच्यावर कुठल्या कुठल्या थोर गायकांचा प्रभाव आहे. ताईने तो लेख आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, “बघ, कुणाकुणाकडे शिकून आली ही कार्टी! आपल्याला पत्ताच नाही.” तिघी पोट धरून हसल्या.

मग एका कंपनीने बुटकीची गाणी रेकॉर्ड करायचं ठरवलं. वाट बघायचं गाणं त्यात हवंच होतं. बुटकीने हट्ट धरला, “ते आपण दोघींनी म्हणायचं. पूर्वीसारखं.”

“वेडी आहेस का? मला ऐकू येत नाही.”

“गाता तर येतं ना?”

ताई इस्त्री करताना अजून गुणगुणायची. ते आता सुरात नसतं, हे बुटकीला माहीत नव्हतं असं नाही. पण घरच्या माणसाचा बेसूर कानाला टोचत नाही. तिला वाटलं, जमेल. सवयीचं गाणं आहे, ताईच्या अंगातच आहे ते.

स्टुडिओत ताई ठेवणीतला निळा ड्रेस घालून आली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, वयस्क, भला माणूस. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. बुटकीने पहिली ओळ म्हटली, ताईने दुसरी. ताईचा चेहरा उजळला होता. खिडकीशी बसायची तशीच मान डोलवत ती म्हणत होती. आणि सूर भलतीकडेच चालला होता. आधी जरा उतरला, मग सावरायला गेली तेव्हा नको तिथे चढला.

गाणं संपलं. ताईने विचारलं, “लागला का गं?”

“छान लागला.”

ताईने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग काचेकडे वळली. रेकॉर्डिस्ट खाली मान घालून बटणांशी चाळा करत होता.

“तुम्ही सांगा,” ताई म्हणाली. “ही लहानपणापासून खोटं बोलताना खालचा ओठ चावते.”

रेकॉर्डिस्ट बाहेर आला. आपलं बोलणं तिला दिसावं म्हणून अगदी समोर उभा राहिला. “थोडा हलतोय, ताई.”

“थोडा म्हणजे किती?”

त्याने दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवलं. ताई बघतच राहिली. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने दोन्ही हात उचलले आणि ते अंतर वाढवत वाढवत छातीएवढं केलं.

“कधीपासून?” ताईने बुटकीला विचारलं.

ओठ दिसू नयेत म्हणून बुटकीने तोंड फिरवलं.

“म्हणजे मी दुकानात दिवसभर गुणगुणते, ते सगळे ऐकतात. आणि आई? ती पण?”

बुटकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ताईने तिचा चेहरा आपल्या ओढणीने पुसला. रेकॉर्डिस्टला म्हणाली, “माझा आवाज पुसून टाका. अजिबात ठेवू नका, आठवण म्हणूनसुद्धा नको. मला माझा आवाज जसा आठवतोय, तसाच राहू दे.” मग बुटकीकडे वळून, “तू उभी राहा. एकटीने म्हण. मी बघते आहे.”

बुटकीने एकटीने म्हटलं. ताईच्या ओळींच्या जागी ती गप्प राहिली, कारण त्या ओळी तिच्या तोंडून येईनात. रेकॉर्डिस्टने ते तसंच ठेवलं. गाणं बाहेर आलं, पुष्कळ लोकांना आवडलं. त्या रिकाम्या जागा किती धाडसी आहेत, असंही कुणीतरी लिहिलं. तो लेख घरात कोणी मोठ्याने वाचला नाही.

त्या दिवसानंतर ताई कधी गुणगुणली नाही. इस्त्री करताना नाही, भाजी चिरताना नाही. आईने एकदा मुद्दाम नळाच्या गाण्याचा विषय काढला. ताई हसली आणि म्हणाली, “नळ बदललाय आता.” बुटकीला कळून चुकलं, की कान गेले तरी ताईकडे गाणं उरलं होतं. ते आपण हौसेने तिला काचेच्या खोलीत नेऊन काढून घेतलं. माफी मागायला गेली की ताई दुसऱ्याच गोष्टी काढायची. कांदे संपलेत, तुझे बूट फाटलेत.

ताई कार्यक्रमांना येते, पहिल्या रांगेत बसते. नव्या गाण्याचा नेमही मोडलेला नाही. परवा संध्याकाळी बुटकीने एक नवीन गाणं तिला समोर बसून म्हणून दाखवलं. त्यात एक ओळ होती, ‘आता घरात कोणी गुणगुणत नाही.’

ताईने हात वर करून तिला थांबवलं. “परत म्हण.”

बुटकीने परत म्हटलं. जिभेला जड झालं होतं, तरी सुटं सुटं म्हटलं.

ताई बोटाने गुडघ्यावर अक्षरं मोजत होती. मग म्हणाली, “एक शब्द जास्त होतोय. ‘आता’ कशाला? काढ तो.”

“ताई, पण…”

“काढ गं. ओळ अडखळते.”

बुटकीने तो शब्द काढून ओळ पुन्हा म्हटली. ओळ सरळ आणि हलकी झाली. ताईने मान डोलवली आणि ती दिवा लावायला उठली.