दुखत न्हाय

अगं, बाकीचं सगळं राहू दे, तू आधी ऐक. आणि मधे बोलू नकोस, मला एका दमात सांगायचंय.

सोलापूरची एक गिरणी. तिथं सूत गुंडाळायच्या खात्यात मायाक्का उभी आहे, समोर बाबीन गरागरा फिरतेय आणि सूत तिच्या बोटात अडकलंय! बोटांची कातडी अशी उललीय की बारीक तंतू त्या सालपटांत शिरतो, वर यंत्र ओढतंच आहे. ओठ घट्ट मिटून तिनं बोट सोडवलं. पांढऱ्या सुतावर लाल ठिपका. तिनं घाईघाईनं त्यावरून चार वेढे घेतले.

शेजारी दाक्षायणी काम करत होती. सगळ्या खात्यात मायाक्काला मैत्रीण अशी हीच. ती हळूच म्हणाली, "अक्का, रगत आलंय की गं."

"न्हाय. पानाची पिंक उडली आसंल."

"तू पान कवा खाल्लंस गं?"

"गप की. दुखत न्हाय मला."

दुखत कसं नव्हतं! पण आदल्याच आठवड्यात खात्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीनं, दगडाबाईनं, खात्याच्या मधोमध उभं राहून सांगितलं होतं, "जिचं हात दुखत्यात तिनं घरी बसायचं. हितं सूत भरायचंय, रडत बसायचं न्हाय." आणि मायाक्काला घर तरी कुठलं? माळशिरसकडची धनगराची बाई ती. रोग आला आणि मेंढरं पटापट मेली. नवरा गुंडा तिकडंच दुसऱ्याची मेंढरं राखायला राहिला आणि ही म्हाताऱ्या सासूला घेऊन इथं आली. राहायची खोली गिरणीच्या चाळीतली. काम गेलं की खोलीही गेली.

आणि गंमत बघ, आली तेव्हा तिचे हात इतके मऊ होते! जन्मभर लोकरीत हात, लोकरीचा तुपकटपणा अंगात मुरलेला. पण त्याला वास असतो ना. पहिल्याच दिवशी खात्यातल्या रंभाबाईनं नाक वर करून विचारलं, "खात्यात बकरं बांधलंय काय गं कुनी?" सगळ्या खो खो हसल्या. मायाक्कासुद्धा हसली. पण संध्याकाळी चाळीच्या नळावर तिनं धुण्याचा सोडा घेतला आणि कोपरापर्यंत खसाखसा घासला. दुसऱ्या दिवशी कुणी नाक वर केलं नाही. झालं! मग रोज सकाळी सोडा, संध्याकाळी सोडा. हात आधी पांढरट पडले, मग खरखरीत झाले, मग त्यांना भेगा पडल्या.

सासू, केराबाई, तिला धड दिसायचं नाही. एकदा पाणी देताना मायाक्काचा हात तिच्या हाताला लागला तशी म्हातारी दचकलीच.

"कुनाचा गं ह्यो हात?"

"माजाच की, आत्याबाई."

म्हातारीनं तो हात बराच वेळ चाचपला. "आगं, तुपाच्या भांड्याला आपन राख लावतो, व्हय का न्हाय? मग त्या तुपाचा फेस हून जातोय. कातड्याला बी सोताचं तूप आसतंय पोरी. ते हाय तवर आतला वलावा आत ऱ्हातोय. तू सोड्यानं तुजंच तूप धुऊन काढलंस."

मग म्हातारीनं गाठोड्यातली जुनी लोकर काढली, पाण्यात उकळली, वर पिवळी साय आली ती गार करून सुनेच्या हातांना चोळली. काय सांगू तुला, त्या रात्री किती दिवसांनी आग थांबली! मायाक्का मेल्यासारखी झोपली. सकाळी उठून तिनं हात नाकाशी नेला. मेंढरू! रंभाबाईचं नाक डोळ्यांसमोर आलं आणि ती सोड्याची पुडी घेऊन नळावर गेली. रात्री चोळायचं, सकाळी घासायचं. भेगा भरायला आल्या की पुन्हा उकलायच्या.

वास गेला खरा, पण आता रंभाबाईचं लक्ष हातांवर गेलं. "ही लक्षनं बरी न्हाईत. आमच्या मोहोळ गावात एकाला असंच झालतं. आदी बोटं, मंग नाक."

माठाजवळ मायाक्कासाठी वेगळं मडकं आलं. ती जवळ आली की बायका पदर सावरून सरकायच्या. एक दाक्षायणी तेवढी यंत्राआड बसून तिची अर्धी भाकरी खायची.

आणि मग गिरणीचा डॉक्टर आला. तरुण होता, घाईत होता. दगडाबाईनं मायाक्काला हापिसाच्या ओसरीवर नेलं आणि तिच्या शेजारी काम करते म्हणून दाक्षायणीलाही. कशासाठी, ते कुणीच सांगितलं नाही.

"डोळे मीट," डॉक्टर म्हणाला. त्यानं टाचणी काढली आणि बोटात टोचली. "दुखतं का?"

कोपरापर्यंत जाळ गेला गं! पण मायाक्काच्या कानात दगडाबाईच होती, दुखत्यात तिनं घरी बसायचं.

"न्हाय जी."

"आणि इथं?"

"न्हाय."

"इथं?"

"कायबी न्हाय, सायेब." वर हसली! "रोज काम करतीया की."

मागं उभ्या दाक्षायणीला मात्र तिचे पाय दिसत होते. अंगठ्यांनी फरशी अशी आवळून धरली होती की नखं पांढरी पडलेली. डॉक्टरनं हात सोडला, आपले हात पुसले आणि दगडाबाईशी हलक्या आवाजात बोलला. दगडाबाईनं पदर नाकाला लावला.

मायाक्काला फाटकाबाहेर काढून दगडाबाई आतून म्हणाली, "खोली आजच रिकामी कर."

"आवं पर मला दुखत न्हाय, म्हनलं की मी!"

"म्हनूनच. महारोग हाय त्यो. त्यात टोचलेलं कळत न्हाय."

 तेव्हा मायाक्काला कळलं. आणि जन्मात कधी ओरडली नव्हती अशी ती ओरडली.

"दुखतंय! दगडाबाई, लई दुखतंय! आईशप्पत दुखतंय!"

"काडून टाकल्यावर समद्याच आसं म्हनत्यात," दगडाबाई म्हणाली. खरं सांगू? तीसुद्धा घाबरली होती. डॉक्टरचा टांगा केव्हाच निघून गेलेला.

"परत टोचा की मग! कुनीबी टोचा!" मायाक्कानं फाटकाच्या गजांतून हात आत घातला. रंभाबाई मागं सरली, मग दुसरी, मग सगळ्याच. टोचायला म्हणूनसुद्धा त्या हाताला कुणी हात लावेना.

"दाक्षायणी! तू मागंच हुतीस न्हवं? माजं पाय बघितलंस न्हवं? सांग की गं ह्यांस्नी!"

दगडाबाई गर्रकन वळली. "काय बघितलंस गं? आनि हिच्या हातची भाकरी खातीस म्हनं तू? खरं हाय?"

दाक्षायणीची स्वतःची तपासणी डॉक्टर उद्यावर टाकून गेलेला. घरी तिची दोन लेकरं. कमरेला, ओटीत, मायाक्काची सकाळची अर्धी भाकरी, अजून मऊ. सगळ्या बायका तिच्याकडं बघतायत, गजांतून तो उललेला हात तिच्यापुढं आलाय, आणि कुणीतरी अंबाड्यातला आकडा काढून टोचायला म्हणून तिच्या हातात ठेवलाय.

आता तू सांग. खरं खरं सांग हं. तू काय केलं असतंस?