खुणेचं पान

थोरल्याने गुडघा मातीत टेकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि चौदा नंबरच्या वाफ्यातलं एक रोप मुळासकट उपटून शर्टाच्या खिशात घातलं. वाफा त्याचा नव्हता, त्याच्या साडूचा होता.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दोघांची नोकरी एकाच संशोधन केंद्रात, म्हणून केंद्रातले लोक त्यांना थोरले साहेब, धाकटे साहेब म्हणत. थोरल्याला ते मुळीच आवडत नसे. साडू म्हणजे देवाने खास तुलनेसाठी घडवलेला माणूस, असं त्याचं मत होतं. धाकट्याची पोरगी पहिली आली, धाकट्याने पडदे बायकोला विचारून घेतले, धाकट्याचं पोट अजून सुटलेलं नाही, या सगळ्या बातम्या थोरल्याला जेवताना मिळत. मेहुणीच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि बायकोला फोन ठेवला की दम निघत नसे.

आज तर कहर होता. अकरा वाजता समिती येणार होती आणि धाकट्याचं चाऱ्याचं वाण मंजूर होणार, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. कडधान्यासारखं शेंगांचं पीक, पण गुरांसाठी. कोरडवाहू रानात एकदा पेरलं की पुढे धान्याचं पीक निघाल्यावर दरवेळी आपलं आपण उगवणारं, वर जमिनीचा कस वाढवणारं. यंदा पावसाने दोनदा दगा दिला, शेजारचे वाफे करपले, आणि चौदा नंबर हिरवागार. थोरला सकाळीच आला तो कुठे रोग दिसतोय का, कीड दिसतेय का ते बघायला. खोटं कशाला बोला, दिसावी म्हणूनच आला होता.

दिसलं ते भलतंच. पानापानावर मधोमध नखाएवढी पांढरी चंद्रकोर होती.

धाकट्याच्या वाणाचं पान साधं असतं. चंद्रकोर थोरल्याच्या वाणाची. अकरा वर्षं खपून त्याने ते वाण तयार केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी याच वाफ्यात ते चाचणीला पेरलं आणि शंभरातलं जेमतेम सात बी उगवलं. समितीने एका ओळीत निकाल लावला. खरी गोष्ट अशी, की या बियांचं कवच टणक. चाचणीला पेरण्याआधी बी सँडपेपरवर घासावं लागतं, नाहीतर आत पाणी शिरत नाही. केंद्रातल्या नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळणारी गोष्ट, आणि थोरला घाईगडबडीत तीच विसरला. लाजेपायी त्याने सांगितलं की वाफ्याची जमीनच खराब होती. तेव्हापासून तो तेच सांगत आला होता.

न घासलेलं ते बी इतकी वर्षं मातीत तसंच पडून होतं. गेल्या साली धाकट्याने वाफा खोल नांगरला, बी वर आलं, उन्हाने कवच सैल पडलं आणि यंदा सगळं एकदम उगवलं.

"आयत्या बिळावर नागोबा," थोरला पुटपुटला. बऱ्याच दिवसांनी त्याला छान वाटत होतं. धाकट्याला आधी पोटभर बोलू द्यायचं, अध्यक्षबाईंनी शाबासकी दिली की रोप त्यांच्या हातात ठेवायचं आणि एवढंच म्हणायचं, पान नीट पाहा. वाक्य त्याने तीनदा मनात म्हणून पाहिलं. खिसाही चाचपला.

समिती वेळेवर आली. अध्यक्षबाईंनी छत्री मिटली, बांधावरून वाकून वाफा पाहिला आणि अशा सालात एवढं हिरवं आपण कुठेच पाहिलं नाही, असं म्हणून धाकट्याचं तोंडभरून कौतुक केलं. थोरल्याचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात धाकट्याने घसा साफ केला.

"हे माझं नाही, बाई," तो म्हणाला. "माझं तिकडे कडेला आहे, तेही वाळलंय. हे दादांचं. पान पाहा."

मग सगळेच वाकले. जुनी फाईल काढा, चाचणी थोरल्या साहेबांच्या नावाने पुन्हा सुरू करा, असं अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. लोकांनी थोरल्याचा हात हातात घेतला. सगळे हसत होते म्हणून तोही हसला.

परतताना धाकटा मुद्दाम मागे राहिला.

"दादा, त्या वर्षी भांडार माझ्याकडे होतं," तो हळूच म्हणाला. "सँडपेपर न्यायला तुम्ही आलाच नव्हता."

थोरला चालायचा थांबला.

"मी कुणाला बोललो नाही. घरीसुद्धा नाही. आणि झालं ते बरंच झालं. घासलं असतं तर सगळं त्याच वर्षी उगवून गेलं असतं."

घरी बोलला नव्हता हे खरंच असणार. बोलला असता तर त्याच संध्याकाळी ते थोरल्याच्या ताटात येऊन पडलं असतं. म्हणजे नऊ वर्षं हा माणूस शेजारच्या टेबलावर बसून 'जमीन खराब होती' ऐकत होता आणि मान डोलवत होता. थोरल्याला त्याचा इतका राग आजवर कधीच आला नव्हता.

संध्याकाळी बायको बहिणीचा फोन ठेवून आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. वीस वर्षांची मेहनत फळाला आली, आता तरी नीट झोपा, असं ती म्हणाली. थोरल्याला बरं वाटायला लागलं होतं.

"पण तिच्या नवऱ्याचं मन बघा हो केवढं," ती पुढे म्हणाली. "दुसरा असता तर गप्प बसला असता."

बोलता बोलता तिने खुंटीवरचा शर्ट धुवायला घेतला आणि सवयीने खिसा तपासला. आतून मातीसकट सुकलेलं रोप निघालं.

"हे काय?"

पानं मिटली होती, तरी एकावरची चंद्रकोर दिसत होती. थोरल्याने मान वळवली.

"तण आहे," तो म्हणाला. "टाकून दे."